उपक्रम आणि उपसंहार : लेख कुठे सुरू होतो, कुठे थांबतो

आजचा प्रश्न दिसायला लहान आहे. मासिकातला लेख आणि संशोधनपत्रिकेतला शोधनिबंध सुरू कसे होतात आणि संपतात कसे? कुणी म्हणेल, यात तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलण्यासारखं काय आहे? ही संपादकाची बाब, फार तर लेखन-कार्यशाळेची. पण पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की दोन गोष्टी उघड्या पडतात. लेखक कुणाशी बोलतो आहे, ही एक. आणि त्याने कशाची जबाबदारी घेतली आहे, ही दुसरी. मधल्या वीस पानांत या गोष्टी झाकता येतात, दोन टोकांना झाकता येत नाहीत.

मोजपट्टी आपल्याच परंपरेतली घेऊ. एखाद्या ग्रंथाचं किंवा प्रकरणाचं तात्पर्य कसं ठरवायचं, यासाठी आपल्याकडे सहा चिन्हं सांगितली आहेत. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त ती यादी सापडते. त्यातलं पहिलं चिन्ह ‘उपक्रमोपसंहार’. आता इथे एक बारकावा बघा. आरंभ हे एक चिन्ह आणि शेवट हे दुसरं, अशी मोजणी नाही. दोन्ही मिळून एकच चिन्ह आहे. म्हणजे नुसत्या आरंभावरून काही सिद्ध होत नाही आणि नुसत्या शेवटावरूनही नाही. दोन्ही एकमेकांना जुळतात का, हे पाहायचं.

आणि जुळले नाहीत तर? कुणाचं ऐकायचं? यावर आपल्याकडे रीतसर भांडण झालेलं आहे. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘उपक्रमपराक्रम’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचा पक्ष असा की आरंभ बलवान. कारण आरंभीचं वाक्य ऐकताना त्याला विरोध करणारं दुसरं वाक्य अजून जन्मलेलंच नसतं, त्यामुळे त्याचा अर्थ निर्वेध पक्का होतो आणि पुढच्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. याला द्वैत परंपरेतल्या विजयींद्रतीर्थांनी उत्तर दिलं, आणि ग्रंथाचं नाव ठेवलं ‘उपसंहारविजय’! नावांतच कुस्ती आहे. त्या पक्षाचं म्हणणं ढोबळपणे असं की शेवटचं वाक्य आधीचं सगळं जमेला धरून बोललेलं असतं, म्हणून अखेरचा शब्द त्याचा.

हा वाद वेदवाक्यांच्या अर्थाचा होता, मासिकांचा नव्हता, हे उघड आहे. पण तो मनात ठेवून वाचलं तर आपल्या विषयावर चांगला उजेड पडतो. शोधनिबंध हा स्वभावाने अप्पय्य दीक्षितांच्या पक्षाचा आहे. त्याचा आरंभ शेवटाला बांधून ठेवतो. मासिकातला लेख विजयींद्रांच्या पक्षाचा. तिथे शेवटाला आरंभाचा अर्थ बदलण्याची मुभा असते.

आधी शोधनिबंध बघू. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाअभ्यासकाने १९९०च्या ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या पुस्तकात शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून एक आराखडा मांडला. तो असा : आधी आपला प्रदेश सांगायचा, मग त्या प्रदेशातली मोकळी जागा दाखवायची, आणि मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर शिवार कोणतं, त्यात पडीक तुकडा कोणता, आणि मी नांगर कुठे घालणार. स्वेल्सने हा नियम घालून दिलेला नाही, लोक करतात ते टिपलं आहे. पण त्यामागे एक नीती आहे. मी पहिला नाही, माझ्याआधी इथे माणसं राबली आहेत, हे ऋण आधी मान्य करायचं आणि मगच तोंड उघडायचं, अशी ती नीती.

याचं आम्हाला सर्वांत आवडणारं उदाहरण तत्त्वज्ञानातलंच आहे. १९६३ साली ‘अ‍ॅनालिसिस’ या पत्रिकेत एडमंड गेटिअर यांचा एक निबंध आला. लांबी तीन पानं. विषय असा की समर्थनीय आणि सत्य समजूत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या पुरेशी आहे का? आरंभी गेटिअर काय करतात? ज्ञान ही मानवाची किती उदात्त आकांक्षा आहे वगैरे काही नाही. अलीकडे ज्ञानाच्या आवश्यक आणि पुरेशा अटी सांगण्याचे प्रयत्न झाले आहेत, एवढं सांगून ते लगेच तीन व्याख्या क्रमाने मांडतात. एक सर्वसाधारण, एक चिझमची, एक एअरची. प्लेटोला तळटीपेत जागा मिळते. मग दोन उदाहरणं येतात. पहिल्यात नोकरीसाठी अर्ज केलेली दोन माणसं आणि खिशातली दहा नाणी आहेत. आणि शेवट? या उदाहरणांवरून पहिली व्याख्या पुरेशी ठरत नाही, आणि थोडा फेरफार करून हीच उदाहरणं उरलेल्या दोन व्याख्यांनाही पुरतात. संपलं. त्यानंतर एक अक्षर नाही.

या शेवटाकडे थोडं थांबून बघू या. प्लेटोपर्यंत मागे नेता येणाऱ्या एका व्याख्येला या माणसाने तीन पानांत खिंडार पाडलेलं आहे. त्यानंतर साठ वर्षं ज्ञानमीमांसा त्या खिंडारापाशी घुटमळते आहे. पण लेखक शेवटी आवाज चढवत नाही. ज्ञान म्हणजे मग काय, हे सांगत नाही. आरंभी तीन व्याख्या टेबलावर ठेवल्या होत्या, शेवटी तिन्हींचा हिशेब दिला, आणि माणूस उठून गेला. उपक्रम आणि उपसंहार यांचं इतकं काटेकोर जुळणं क्वचित दिसतं. जे कबूल केलं तेच दिलं. त्याहून कमी नाही, आणि हे अधिक महत्त्वाचं, त्याहून जास्तही नाही.

आता मासिकाकडे येऊ. इथे उदाहरण असं हवं की विषय एक, लेखक एक, आणि जागा मात्र दोन. तसं उदाहरण अमर्त्य सेन यांचं आहे. २० डिसेंबर १९९०च्या ‘न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये त्यांचा लेख आला. मथळ्याचं मराठी करायचं तर ‘दहा कोटींहून अधिक स्त्रिया बेपत्ता आहेत’. हा मथळा पूर्ण वाक्य आहे, त्यात क्रियापद आहे. आरंभही तसाच रोखठोक. जगात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे असं लोक नेहमी म्हणतात, तसं नाही, असं सेन पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकतात. दुसरं वाक्य तर इंग्रजीत तीन शब्दांचं आहे. मग कारण येतं : युरोप-अमेरिकेतली स्थिती साऱ्या जगाला लावल्यामुळे हा समज झाला आहे.

इथे ‘आधी कोणी काय लिहिलं’ नाही. प्रदेश आणि मोकळी जागा नाही. पण रिकामी बडबडही नाही. सेन वाचकाच्या डोक्यात आधीच बसलेली एक समजूत उचलतात आणि तिला धक्का देतात. शोधनिबंधात पूर्वपक्ष असतो तो दुसऱ्या संशोधकाचा. मासिकात पूर्वपक्ष असतो तो वाचकाचा स्वतःचा. दोन्ही ठिकाणी ऋण मान्य केलेलंच आहे, फक्त सावकार वेगळा आहे.

मधल्या भागात सेन दोन सोपी उत्तरं बाजूला सारतात. पूर्वेची संस्कृती आणि पश्चिमेची संस्कृती हे एक, आणि गरिबी हे दुसरं. त्यासाठी ते भारतातली दोन राज्यं समोर ठेवतात. सुबत्ता असलेल्या पंजाबात शंभर पुरुषांमागे ८६ स्त्रिया आणि केरळात १०३हून अधिक. मग शेवट येतो. आरंभी या स्त्रिया ‘बेपत्ता’ होत्या. शेवटी सेन म्हणतात की दहा कोटींहून कितीतरी अधिक स्त्रिया नाहीत, कारण त्यांच्याकडे पुरुषांच्या तुलनेत दुर्लक्ष झालं. हा फरक बघा. आरंभी आकडा होता, शेवटी त्या आकड्याला कारण जोडलं गेलं. मथळा पुन्हा वाचला तर त्याचा अर्थ बदललेला असतो. हाच उपसंहाराचा विजय. आणि तरीही सेन घोषणा देत नाहीत. राजकीय कृतीने आणि धोरणाने हे बदलायचं असेल तर कारणं आधी नीट समजून घ्यावी लागतील, असं म्हणतात, आणि जगासमोरचा हा एक मोठा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे एवढं सांगून थांबतात. वाचकाच्या हातात लेखकाने एक काम ठेवलेलं आहे.

आता जागा बदलू. १९९२ साली सेन यांनी याच विषयावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संपादकीय लिहिलं. तिथला आरंभ कसा आहे? युरोप आणि उत्तर अमेरिकेत स्त्रिया संख्येने अधिक, आणि मग देशोदेशींची गुणोत्तरं, भारत ०.९३, पाकिस्तान ०.९०. समजुतीला धक्का वगैरे काही नाही. डॉक्टरांना आकडा पुरतो. पुढे २००३ साली ते याच पत्रिकेत परत आले. तिथला आरंभ तर खास पत्रिकेच्या थाटाचा आहे. याच पत्रिकेत अकरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या संपादकीयात ही संकल्पना मांडली होती, इथून सुरुवात. म्हणजे खातं उघडलं, मागची बाकी सांगितली. आणि नवी नोंद काय? स्त्रियांच्या मृत्यूंमधली विषमता कमी होते आहे, पण गर्भलिंगनिदानामुळे मुली जन्मालाच येत नाहीत, आणि ती भर या घटीला खाऊन टाकते आहे. महाराष्ट्राला हे नवं नव्हतं. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ सालीच केला होता, देशात सर्वांत आधी. कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला का, हे आपण सारे जाणतोच.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सेन यांच्या लेखानंतर वर्षभरात, १९९१ साली, लोकसंख्याशास्त्रज्ञ अँस्ली कोल यांचा निबंध ‘पॉप्युलेशन अँड डेव्हलपमेंट रिव्ह्यू’ या पत्रिकेत आला. त्याचा मथळा साधारण असा : ‘स्त्रियांचा अतिरिक्त मृत्यू आणि लोकसंख्येतला लिंगसमतोल : “बेपत्ता स्त्रियां”च्या संख्येचा एक अंदाज’. दोन मथळे शेजारी ठेवा. एकात क्रियापद आहे, दुसऱ्यात नाही. एकात दहा कोटी हा आकडा आहे, दुसऱ्यात ‘एक अंदाज’. एकाने जो शब्द छातीठोक वापरला तो दुसऱ्याने अवतरणचिन्हांत चिमट्याने धरलेला आहे. कोल यांनी तुलनेची कसोटी वेगळी घेतली आणि त्यांचा अंदाज सहा कोटींच्या आसपास आला.

मग कोण जिंकलं? आम्हाला वाटतं, हा प्रश्नच चुकीचा आहे. मासिकातलं ते धीट वाक्य नसतं, तर या मोजणीकडे इतक्या लोकांचं लक्ष गेलं नसतं. आणि मोजणी झाली नसती, तर त्या धीट वाक्याची घोषणा झाली असती. सहा कोटी काय आणि दहा कोटी काय, माणूस म्हणून आपली झोप उडायला दोन्ही पुरेसे आहेत. पण धोरण आखणाऱ्याला, आणि उद्या या विषयावर खोटं बोलू पाहणाऱ्याला उत्तर देणाऱ्याला, हा फरक महत्त्वाचा आहे.

पत्रिकेचा शेवट पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवतो, हा त्याचा खरा गुण. २००५ साली एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त असं मांडलं की या बेपत्ता स्त्रियांपैकी बऱ्याच जणींचा उलगडा हेपटायटिस बी या आजाराने होतो. त्यावर आक्षेप आले, नवी माहिती आली, आणि २००८मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनीच लिहिलं की चीनमधल्या मुलगे जास्त असण्याचा उलगडा या आजाराने होत नाही. आधीच्या निबंधाचा उपसंहार हा नव्या निबंधाचा उपक्रम झाला. मासिकात असं सहसा घडत नाही. तिथे लेख संपला की विषय वाचकाच्या घरी जातो, लेखकाकडे परतत नाही.

साचा पाळला म्हणजे निबंध चांगला, असं मात्र कुणी समजू नये. पीटर मेडावर हे नोबेल मिळालेले जीवशास्त्रज्ञ. त्यांनी १९६३ साली बीबीसीवर एक भाषण केलं. वैज्ञानिक निबंध ही एक फसवणूक आहे का, असा त्याचा विषय. त्यांची तक्रार अशी की निबंधाचा साचा विचार कसा झाला ते खोटं दाखवतो. जणू आधी निरीक्षणं जमली आणि मग निष्कर्ष आपोआप टपकला! प्रत्यक्षात अपेक्षा, अटकळ आधी असते. म्हणून चर्चेचा भाग शेवटी न ठेवता आरंभी आणा, असं त्यांनी सुचवलं. आणि मोठी माणसं साचा मोडतातही. ट्यूरिंग यांचा १९५०चा निबंध ‘माइंड’ या पत्रिकेत आला. यंत्रं विचार करू शकतील का, या प्रश्नाने तो सुरू होतो, एखाद्या मासिकासारखा. पण पुढच्याच वाक्यांत ते हा प्रश्न असा का विचारू नये ते सांगतात आणि त्याजागी तपासता येईल असा एक खेळ ठेवतात. शेवटी म्हणतात, आपल्याला थोडंच अंतर पुढचं दिसतं, पण तेवढ्यातही करण्यासारखं पुष्कळ आहे. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे ठोकळ वाक्य आणि हा शेवट यांचा आशय जवळजवळ एकच. पण एकात लेखक अंग काढून घेतो, दुसऱ्यात तो बाह्या सावरतो.

आता आपल्या घरी येऊ, आणि थोडं कडू बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आणली आणि छापून आलेल्या निबंधाला गुण मिळू लागले. त्यानंतरचे मराठीतले पुष्कळ शोधनिबंध आपण वाचतो. त्यांचा आरंभ काय असतो? ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात…’ मग शिक्षण असो, शेती असो, संतसाहित्य असो. त्यानंतर उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष, आणि शेवटी ‘शिफारशी’ : शासनाने लक्ष द्यावे, समाजात जागृती व्हावी, तरुण पिढीने पुढे यावे. आराखड्याचे मथळे सगळे आहेत. पण आरंभात कुणाचं ऋण नाही आणि शेवटात कशाचा हिशेब नाही. शिफारशी मधल्या पानांतून निघालेल्या नसतात, त्या निबंध लिहायच्या आधीही तशाच होत्या.

आणि मासिकं, दिवाळी अंक? तिथे उलटा प्रकार. आरंभी चार परदेशी विचारवंतांची नावं, ओळीने. त्यांचं म्हणणं काय, ते या लेखाला का लागतं, हे सांगायचं नाही. नावं तोरणासारखी टांगलेली. आणि दहा पानांनंतर शेवट : ‘या विषयावर व्यापक चर्चा होण्याची गरज आहे.’ अहो, ती चर्चा करायलाच तर आम्ही अंक विकत घेतला!

नीट बघितलं तर लक्षात येईल की दोघांनी एकमेकांचे दोष उचलले आहेत. शोधनिबंधाने वाईट मासिकाचा आरंभ घेतला, सगळ्या जगाबद्दल बोलणारा आणि कुणालाच उद्देशून नसलेला. मासिकाने वाईट शोधनिबंधाचा शेवट घेतला, अंग राखून ठेवणारा. एकाला आपला वाचक कोण ते माहीत नाही, दुसऱ्याला आपलं मत काय ते सांगायचं नाही.

वाचक कोण, हा प्रश्नही आपल्याकडे जुना आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात अशी रीत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. अधिकारी म्हणजे हे वाचण्यास पात्र कोण. ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्द ‘अथ’. शंकराचार्य म्हणतात, या ‘अथ’चा अर्थ ‘आता सुरू करतो’ असा घ्यायचा नाही, ‘त्यानंतर’ असा घ्यायचा. कशानंतर? तर वाचकाने कोणती तयारी केल्यानंतर. म्हणजे पहिल्या शब्दातच वाचक ठरवून टाकला! आणि शेवटचं सूत्र दोनदा म्हटलं आहे. आचार्य सांगतात, ती द्विरुक्ती शास्त्र संपल्याची खूण आहे. इथे थांबलो, हे स्पष्ट सांगणं हाही सभ्यतेचा भाग होता.

शोधनिबंधाचा अधिकारी म्हणजे त्या विषयातला दुसरा अभ्यासक. मासिकाचा अधिकारी म्हणजे विचार करायला तयार असलेला कुणीही. मराठीत या दोघांना एकाच बाकावर बसवणारी जागा होती. १९४७ साली निघालेलं ‘नवभारत’ घ्या, किंवा प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये सुरू केलेलं आणि ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखलं गेलेलं मासिक घ्या. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पूर्वपक्ष नीट मांडूनच बोलणार आणि तरीही पदवी नसलेल्या वाचकाला कळेल असंच बोलणार, ही अपेक्षा तिथे गृहीत होती. अशा लेखनाला गुणांच्या तक्त्यात जागा मिळाली नाही. त्याचा तोटा प्राध्यापकांचा कमी झाला, मराठीचा जास्त. ज्या भाषेत नवा विचार आधी मांडला जात नाही, फक्त सोपा करून सांगितला जातो, त्या भाषेचे वाचक कायमचे श्रोते होऊन बसतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. हाताशी असेल तो लेख घ्या, मासिकातला किंवा पत्रिकेतला. पहिला आणि शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा. पहिल्याला विचारा, तू कुणाचं ऋण मानतोस? इतर अभ्यासकांचं असेल, वाचकाच्या समजुतीचं असेल, काहीतरी हवं. शेवटच्याला विचारा, तू आरंभी नसलेलं काय बोललास, आणि ते बोलायचा हक्क तुला मधल्या पानांनी दिला का? दोन्ही उत्तरं मिळाली तर मधली पानं जरूर वाचा, वेळ सत्कारणी लागेल. एकही मिळालं नाही तर अंक मिटून ठेवा, आणि शक्य असेल तर संपादकांना दोन ओळी लिहा. संपादकांकडे अशा ओळी फार कमी येतात.

पुढच्या वेळी मधल्या पानांकडे वळू, म्हणजे दाखला देणं आणि पुरावा देणं यातल्या फरकाकडे. आज इथेच थांबतो.